तुम्ही विचारलंत म्हणून: अभिक्रियांचे प्रकार पाठ कसे करायचे?

दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीतही गाठतो. "संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन, नावं येतात हो, पण समीकरण समोर आलं की गोंधळ. काही युक्ती?"

युक्ती माझ्याकडे नाही. मी पानाच्या टपरीवरून थोडा चुना आणायला सांगते.

ग्लासभर पाण्यात चमचाभर चुना ढवळायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. ही चुन्याची निवळी. तिच्यात स्ट्रॉने फुंकायचं (फुंकायचंच, ओढायचं नाही, तोंड पोळतं). बघता बघता पाणी दुधाळ होतं:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

पांढरं दिसतं ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. आता त्यात आणखी पाणी घालून सोडा-व्हिनेगरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू नळीने सोडत राहा. (नुसत्या श्वासाने भागत नाही, त्यात हा वायू जेमतेम चार टक्के.) पाणी पुन्हा नितळ होत जातं:

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम बायकार्बोनेट

बाणाच्या डावीकडे तीन, उजवीकडे एक, म्हणजे संयोग. हेच पाणी उकळा, बाण उलटा फिरतो: एकाचे तीन, अपघटन. बोअरच्या पाण्यामुळे गीझरमध्ये पांढरा थर साचतो तो बहुतेक असाच.

मग पहिल्या समीकरणाचा प्रकार कोणता? इथे हुशार मुलंही अडखळतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल झालं असं धरलं, तर हे आम्ल आणि चुना ही आम्लारी आपापले भाग अदलाबदल करतात (उदासिनीकरण), म्हणून दुहेरी विस्थापन. समीकरण आहे तसं वाचलं तर ते चारांपैकी कुठल्याच खणात नीट बसत नाही. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेही बसत नाही. चार खण माणसांनी सोयीसाठी केले आहेत. निसर्गावर त्यांचं बंधन नाही.

समीकरण चोख सांभाळतं तो वजनाचा हिशेब. त्याच पहिल्या समीकरणात 74 ग्रॅम आणि 44 ग्रॅम आत गेले की 100 आणि 18 बाहेर येतात, दोन्हीकडे 118. वेळेबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नाही. ग्लासात जे लगेच दिसतं, तेच जुन्या वाड्याच्या चुन्याच्या गिलाव्यात पूर्ण व्हायला महिने लागतात. समीकरण तेच.

तेव्हा प्रकार पाठ करू नका, बाणाच्या दोन्हीकडे काय आहे ते पाहा. पाठ करायचीच तर सूत्रं करा. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं, ते समीकरण जुळत नाही म्हणून मुलं बिनदिक्कत पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली 2 लिहितात. अणू मोजले तर जुळतात, पण कागदावर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालेलं असतं. तो 2 पाण्याच्या सूत्राच्या आधी लिहायचा, आणि मग डावीकडे हायड्रोजनच्या आधीही एक.