सुट्टीनंतरचं सेशन

वेळ संध्याकाळी सहाची, गृहस्थ आले सहा पंचवीसला. हातात मिठाईचा बॉक्स. "सॉरी मॅडम, ट्रॅफिक फार होतं." पाच महिन्यांत त्यांना एकदाही उशीर झाला नव्हता. मी बोलण्यातून मनाचे उपचार करणारी थेरपिस्ट, आणि हे माझे पेशंट. गणपतीत मी दोन आठवडे सुट्टीवर होते, आणि हे त्यानंतरचं पहिलंच सेशन.

हे लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाळिशीच्या आतले, कंपनीत वरच्या पदावर. छातीत आवळून यायचं, तेही बहुतेक वेळा बायको बाहेरगावी गेली की. ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं नॉर्मल आलं, तेव्हा फिजिशियननी माझ्याकडे पाठवलं.

माझी पद्धत सायकोडायनॅमिक थेरपीची, म्हणजे जुन्या नात्यांतून आलेल्या, नकळत चालणाऱ्या भावना बोलण्यातून उलगडायच्या. त्यात बहुधा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी 50 मिनिटं भेटायचं. गृहपाठ नाही, तक्ते नाहीत. पेशंटनी मनात येईल ते बोलायचं. ऐकताना मी तीन गोष्टींचा माग ठेवते: या माणसाला इतरांकडून काय हवं असतं, समोरचा कसा वागेल असं तो धरून चालतो, आणि मग स्वतः काय करतो. ही तीन कलमं मानसशास्त्रज्ञ लेस्टर ल्युबोर्स्की यांची. या गृहस्थांना कुणीतरी जवळ थांबावंसं वाटायचं. पण मागितलं तर समोरचा कंटाळेल हे त्यांनी गृहीतच धरलेलं. म्हणून ते काही मागायचेच नाहीत, उलट दुसऱ्याची सोय बघायचे. सहाव्या वर्षी आईच्या आजारपणात त्यांना वर्षभर मामांकडे ठेवलं होतं. 'अजिबात रडला नाही, इतका शहाणा' हे कौतुक घरात अजून होतं. सुरुवातीच्या एका भेटीतच त्यांनी हे सगळं सांगून टाकलं होतं, आवाजात जराही चढउतार न होता.

लहानपणचं आठवलं की त्रास जातो, असं पुष्कळांना वाटतं. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या 1895च्या पुस्तकातही भर आठवणीवर होता, पण ती भावनेसकट यावी असं त्यांचंही म्हणणं होतं. नुसत्या आठवणीनं भागत नाही. जुन्या नात्यातली अपेक्षा आणि धास्ती उपचार करणाऱ्याच्या वाट्याला येते, त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात, आणि खरं काम तिथे होतं. म्हणून तो उशीर माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा होता. सुट्टीचं मी महिनाभर आधी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "निवांत जा मॅडम, माझी काळजी करू नका."

त्या दिवशी घरच्या आरासीचं सांगून झालं, माझ्या सुट्टीची चौकशी झाली. मग म्हणाले, "आता बरंच बरं आहे. थांबावं म्हणतो. तुमच्याकडे जास्त गरजू पेशंट असतील." मला तीव्रतेनं वाटलं, यांना आज पंधरा-वीस मिनिटं जास्त द्यावीत. मनोविश्लेषक पॉला हाइमान यांनी 1950 मध्ये मांडलं की उपचारकाच्या मनात उठणारी भावना ही पेशंटबद्दलची माहिती असते. ती माहिती म्हणूनच वापरावी लागते. वेळ वाढवली असती तर न मागता हवं ते मिळालं असतं आणि राग पोटातच राहिला असता. 'तुम्ही माझ्यावर रागावलात' असं थेट म्हटलं असतं तर 'छे छे' म्हणून ते आणखी गोड झाले असते. अशा वेळी आधी फक्त घडलेलं मांडायचं, अर्थ नंतर.

"पहिल्यांदाच उशीर झाला, आणि आज थांबायचं म्हणताय. मध्ये मी दोन आठवडे नव्हते."

"त्याचा काय संबंध?" आवाज चढला. बऱ्याच वेळानं हात छातीवर गेला.

"आवळायच्या आधी मनात काय आलं?"

"एक मेसेजसुद्धा नाही तुमचा." आणि लगेच, "सॉरी, तुमचा काय दोष."

"सॉरीच्या आधीचं बोला."

मनोविश्लेषक डेव्हिड मलान यांच्या त्रिकोणात तीन टोकं असतात: उपचारक, आजच्या आयुष्यातलं माणूस, भूतकाळातलं माणूस. मी दोनच जोडली. "माझ्यावरचा राग आला तसा आवरलात. बायको गेली की तिलाही 'खुशाल जा' म्हणता." तिसरं टोक मुद्दाम सोडलं, ते आपण जोडलं की पेशंट मान डोलावतो आणि आत काहीच हलत नाही. ते थोडा वेळ गप्प होते. "मामाकडे मी एसटीच्या वेळेला पायरीवर बसायचो," म्हणाले, आणि रडले. सहा पन्नासला मी सेशन थांबवलं. मिठाई घेतली, आपल्याकडे सणाची मिठाई परत करणं म्हणजे अपमान. पण ती त्याच दिवशी का आणावीशी वाटली, हे पुढच्या वेळी बोललो.

पुढचे दोन आठवडे आवळणं वाढलं. इतकी वर्षं दाबलेला राग वर येताना असं होतं, आणि नेमकं तेव्हाच लोक उपचार सोडतात. म्हणून याची कल्पना आधी द्यावी लागते. मग एकदा न कळवता चुकवलेल्या सेशनची फी घेतली म्हणून ते माझ्याशी चक्क भांडले. मला मनापासून आनंद झाला. भांडूनही पुढच्या आठवड्याची वेळ तशीच राहते, हा अनुभव त्यांना कधी आलाच नव्हता, आणि तो एकदा येऊन पुरत नाही. बायकोला 'या वेळी जाऊ नकोस, मला जड जातं' हे म्हणायला त्यांना आणखी काही महिने लागले. ती गेलीच, पण रोज फोन करत राहिली. आवळणं विरळ झालं ते त्यानंतर.

मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांच्या संशोधनांच्या 2010च्या आढाव्यात दिसतं की या उपचाराचा फायदा उपचार संपल्यावरही वाढत राहतो. तरी हा उपचार प्रत्येकासाठी नाही. आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास होत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं. यांच्या बाबतीत शेवटही हाताळावा लागणार होता, कारण तेही सोडून जाणंच होतं. तारीख तीन महिने आधी ठरवली. त्या काळात ते दोनदा उशिरा आले, आणि दुसऱ्यांदा कारण त्यांनी आपणहून सांगितलं.