जुने की नवे? तुम्ही विचारलंत म्हणून

दोन-तीन महिन्यांतून एकदा भाच्याची मित्रमंडळी आमच्याकडे जमते आणि चहाच्या दुसऱ्या फेरीला तोच प्रश्न येतो. "काका, खरं सांगा, स्टार वॉर्स जुने भारी की नवे?" जिन्यात भेटणारे शेजारीही विचारतात, पण त्यांना उत्तर नको असतं. पन्नाशी उलटलेला माणूस अजून हे काय बघत बसतो, एवढंच त्यांना सुचवायचं असतं. तेव्हा हे उत्तर भाच्याच्या मित्रांना.

आधी जुनं कशाला म्हणायचं ते ठरवू. माझ्या लेखी जुने म्हणजे १९७७, १९८० आणि १९८३ चे तीन सिनेमे, अंतराळातल्या युद्धांचे. भाचा २००० सालचा. त्याच्या हिशेबात १९९९ ते २००५ चे तीनही जुन्यातच जमा, आणि नवे म्हणजे डिस्नेने २०१२ साली लुकासफिल्म, म्हणजे हे सिनेमे काढणारी जॉर्ज लुकासची कंपनी, विकत घेतल्यानंतरचे. १९९९ साली कॅम्पातल्या टॉकीजमधून बाहेर पडताना आम्ही ज्याला शिव्या घातल्या, तो सिनेमा आता ही पोरं 'आपल्या लहानपणीचा' म्हणून कौतुकाने बघतात. पुण्यात याचं नवल वाटायचं कारण नाही. इथे काल बंद पडलेलं दुकानही आज 'पूर्वीचं पुणं' होतं.

मी पहिला पाहिला तो मुळात दुसरा, १९८० चा. नारायण पेठेत आत्याकडे एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला होता, सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी, मोठ्यांसाठी, आणि एक आतेभावाने हट्ट करून घेतलेली. कॉपीची कॉपी असावी. पडद्यावर सतत मुंग्या, आणि इंग्रजी निम्मं डोक्यावरून. हात तुटलेला नायक ल्यूक लोखंडी दांड्याला धरून लोंबकळतोय, काळ्या मुखवट्यातला खलनायक काहीतरी सांगतो आणि पोरगा किंचाळतो. काय झालं ते कुणालाच कळेना. आतेभावाने कॅसेट थांबवून सांगितलं, "अरे, तो म्हणतोय, मीच तुझा बाप." आत्या लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "कुणाचा बाप?"

पुढचा भाग हाती लागायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही त्याचे किती शेवट केले असतील! एका शेवटात तो बाप खोटारडा निघाला, दुसऱ्यात पोरगाच खलनायक झाला. माझं सगळं मत तिथून आलेलं आहे, म्हणून हे सांगून ठेवतो.

नव्यांवर नेहमीचा आरोप असा की जुन्यांना पक्का आराखडा होता, नवे वाट फुटेल तसे काढले. नव्यांचं खरंच तसं झालं. २०१५ ला एक दिग्दर्शक, २०१७ ला दुसरा, आणि तिसऱ्या भागासाठी नेमलेला तिसरा मध्येच बाहेर, म्हणून पुन्हा पहिलाच. पण जुन्यांचं तरी कुठे सगळं ठरलेलं होतं? १९८० च्या सिनेमाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट यांनी १९७८ साली लिहिला, त्यात ल्यूकचा बाप वेगळाच माणूस आहे आणि भूत होऊन भेटायला येतो! आत्याने विचारलेला प्रश्न तेव्हा लेखकांच्याही डोक्यात नव्हता. त्यामुळे आराखड्याचा मुद्दा मला मान्य नाही.

माझी तक्रार जागेची आहे. गाण्यातले लोक 'काय जागा घेतली!' म्हणतात ती नव्हे, सोडलेली जागा. १९७७ च्या सिनेमात ल्यूक आपल्या म्हाताऱ्या गुरूला, ओबी-वानला, जाता जाता विचारतो, तुम्ही क्लोन वॉर्समध्ये लढलात? तो हो म्हणतो आणि पुढे सरकतो. कसलं युद्ध, कुणाशी, काही नाही. ते युद्ध पडद्यावर सुरू झालं २००२ साली, म्हणजे २५ वर्षांनी. तोवर ज्याने त्याने आपापलं लढून घेतलं होतं.

जुन्या सिनेमांतला यान चालवणारा तस्कर हान सोलो, त्याची बढाई घ्या. आपलं यान फार वेगवान, अमुक फेरी १२ पार्सेकच्या आत मारली, असं तो सांगतो. पार्सेक हे अंतराचं माप, साधारण ३.२६ प्रकाशवर्षांचं. म्हणजे 'पुणे-मुंबई मी १०० किलोमीटरच्या आत गाठलं' म्हणण्यासारखं. आमचे फिजिक्सचे सर यावर वर्गात खो खो हसले होते, आणि मला तेव्हाच तो माणूस आवडला. गिऱ्हाईक अडाणी दिसलं की थाप ठोकणारा रिक्षावाला! मग २०१८ साली त्याच्या तरुणपणावर अख्खा सिनेमा आला आणि त्यात ती थाप खरी करून दाखवली. जवळचा धोक्याचा रस्ता होता म्हणे, म्हणून अंतर कमी. आडनावाचाही खुलासा झाला, भरती करणाऱ्या कारकुनाने लिहून टाकलेलं. एवढा छान थापाड्या माणूस, त्याला उगाच खरं बोलायला लावलं.

ही खोड नव्यांचीच, असं मात्र म्हणता येत नाही. सुरुवात खुद्द जॉर्ज लुकासने केली. 'फोर्स' ही या गोष्टीतली अदृश्य शक्ती काय चीज आहे हे तीन सिनेमे कुणी नीट सांगितलं नव्हतं. १९९९ साली त्याने ती रक्तात मोजता येते असं जाहीर केलं. सकाळी उपाशीपोटी या, संध्याकाळी रिपोर्ट घेऊन जा.

आणि २०१७ चा सिनेमा, ज्याच्यावरून आमच्या दिवाणखान्यात सर्वांत जास्त आवाज चढतो, तो मला नव्यांतला सर्वांत चांगला वाटतो. त्याने जागा सोडली. दोन वर्षं सगळे विचारत होते, नव्यांची नायिका 'रे', ती कुणाची मुलगी? पेठेतल्या एखाद्या मावशीने 'कुठले तुम्ही? कुणाचे?' विचारावं तसं. सिनेमाने उत्तर दिलं, कुणाचीच नाही. दारूच्या पैशांसाठी पोरीला विकणाऱ्या आईबापांची. मी अंधारात मांडीवर थाप मारली. पण मावशींचं समाधान झालं नाही. २०१९ साली तिला आजोबा मिळाले, आणि तेही साक्षात सम्राट, जुन्यांतला सर्वांत मोठा खलनायक.

माझ्या म्हणण्यात एक भोक आहे, ते तुम्ही दाखवायच्या आधी मीच दाखवतो. २०१६ चा 'रोग वन' मला फार आवडतो आणि तो तर निव्वळ जागा भरणारा. १९७७ च्या सिनेमात सुरुवातीला पडद्यावर सरकणाऱ्या मजकुरात हेरांनी शत्रूच्या महाशस्त्राचे नकाशे चोरले असं म्हटलंय, त्याचाच सव्वादोन तासांचा सिनेमा केलाय. तरी चालतो. त्यातली माणसं मरतात, पुढच्या गोष्टीत त्यांचं नावही कुणी घेत नाही, म्हणून असेल. नीट कारण देता येत नाही.

भाच्याने माझी सगळी मांडणी एका वाक्यात निकालात काढली. "मामा, तुझी जागा रिकामी होती कारण तुला पुढची कॅसेट मिळाली नाही." यावर मी अजून उत्तर शोधतोय.

दिवाळीत त्याची आठ वर्षांची पुतणी आली होती. तिला काय दाखवायचं यावर वाद झाला, शेवटी १९७७ चाच लावला. ल्यूकचा तो क्लोन वॉर्सचा प्रश्न आला तशी ती वळली. "क्लोन वॉर म्हणजे काय?" भाचा सरसावून बसला. "थांब, सांगतो. त्याचे सिनेमे आहेत, आणि कार्टूनचे सात सीझन."

"मग नको," ती म्हणाली. "हेच लाव पुढे."