भाकरी सोडलीस म्हणे?

सोलापुरात कुणी दारू सोडली तर चार लोक पाठ थोपटतात. भाकरी कमी केली म्हटलं की घरात काही बिनसलंय का, असं विचारतात.

वजन उतरलेलं लपत नाही, त्यामुळे विषय निघतोच. नवी पेठेत माझे ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी माप घेताना टेप पुन्हा लावून बघितली. "काय घेताय हो, पावडर?" म्हटलं, पावडर-बिवडर काही नाही, कर्बोदकं (पिठातला स्टार्च, साखर) कमी केलीत. भात, पोळी, साखर बंद, भाकरी दुपारी अर्धी. बाकी अंडी, पनीर, पालेभाजी आणि दह्यात कालवलेली शेंगाचटणी. 'अर्धी' ऐकलं आणि त्यांनी टेप गळ्यात टाकली. "ज्वारीनं कुणाचं वजन वाढतंय व्हय?"

सगळे इथंच अडतात. ज्वारीला नावं ठेवायची माझी छाती नाही; मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान मलाही आहे. पण पिठात १०० ग्रॅमला ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच, शेंगदाण्यात १६-१७. त्यातून आपली कडक भाकरी पापडासारखी पातळ. आमटीत कुस्करत बसलं की तीन कधी संपल्या कळत नाही, आणि वर 'आज जेवण हलकंच झालं' म्हणायला मोकळे.

दुसरा ठरलेला प्रश्न, "पहिल्या आठवड्यात किती उतरलं?" आकडा मी सांगतच नाही. सुरुवातीला उतरतं ते बरंचसं पाणी. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठ्याच्या) दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की तेही जातं. आकडा ऐकून लोक हुरळतात आणि पुढच्या महिन्यात काटा हलला नाही की मला बोल लावतात.

हुरड्याला बोलावतात तेव्हा मी जाते, मूठभर खाते. तिथं कर्बोदकांवर भाषण देणारी बाई कुणाला हवीय?

गप्प बसत नाही ती एकाच ठिकाणी. मोठे दीर शुगरच्या गोळ्या घेतात. माझं बघून म्हणाले, "उद्यापासून मीपण भाकरी बंद." म्हटलं, भाऊजी, आधी डॉक्टर. काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना जेवणातली कर्बोदकं एकदम तोडली तर साखर फार खाली जाते, घाम फुटून माणूस चक्कर येऊन पडतो. तेव्हापासून कुणीही विचारलं, की मी काय खाते हे सांगण्याआधी 'कसली गोळी चालू आहे?' हे विचारते. काहींना ते खटकतं.

भाऊजींची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली, मगच त्यांची भाकरी एकावर आली. रात्रीचा भात अजून चालू आहे. तो विषय जाऊबाईंनी काढावा, मी नाही.