धाब्यातून उतरलेली बाज

बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानातील, म्हणजे येशूच्या चरित्रातील, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी गालील प्रांतातील कफर्णहूम गावच्या एका घराचे छप्पर उकलले जाते. ज्याचे बालपण खानदेशातील धाब्याच्या घरात गेले आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. तुळया, त्यांवर काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि सर्वांत वर दाबून बसवलेली खारी माती, असे आपले धाबे असते. कफर्णहूमातील त्या काळची साधी घरेही काळ्या बेसॉल्ट दगडाच्या भिंती, लाकूड, फांद्या आणि चिखल यांचीच असत. हाच प्रसंग सांगणाऱ्या इतर दोन शुभवर्तमानकारांपैकी लूक कौलांचा उल्लेख करतो, मत्तय तर छपराचा विषयच काढत नाही. मला मात्र मार्कच जवळचा वाटतो, कारण त्याच्या छपराला मातीचा वास आहे.

चौघांनी एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणले आणि दारातल्या गर्दीमुळे आत शिरता येईना, तेव्हा ते वर चढले. धाबे गुपचूप उकलता येत नाही. खाली येशूचा उपदेश चालू असताना आधी श्रोत्यांच्या डोक्यांवर माती गळली असेल, मग काटक्या पडल्या असतील आणि नंतर उजेड आत आला असेल. (घरमालक त्या वेळी काय म्हणाला, हे मार्काने लिहिले नाही, पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर माती टाकणाऱ्या कोणालाही त्याची कल्पना करता येईल.)

पुढचे वाक्य मला नेहमी थांबवते. येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्या माणसाला पापांची क्षमा झाल्याचे सांगितले. तो रुग्ण एक शब्दही बोललेला नाही. त्याने क्षमा मागितलेली नाही, कबुलीही दिलेली नाही, आणि विश्वास पाहिला गेला तो प्रामुख्याने मातीने माखलेल्या इतरांच्या हातांत. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेव्हा झोळीतल्या माणसाची श्रद्धा किती, हे वाहणारे विचारत बसत नाहीत. पश्चात्तापाची पावती पाहिल्याशिवाय क्षमा द्यायची नाही, हा आपला हिशेब या घरात निरुपयोगी ठरतो, आणि तो हिशेब मलाही प्रिय असल्यामुळे हा उतारा मला सुखाचा वाटत नाही.

तिथे बसलेल्या शास्त्र्यांचा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या जाणकारांचा, आक्षेप तर्काला धरूनच होता: देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यावर येशूने विचारले की, क्षमा झाली असे म्हणणे सोपे, की ऊठ, आपली बाज उचलून चाल असे म्हणणे सोपे? पहिले वाक्य कोणाला तपासता येत नाही, दुसरे तत्काळ खरेखोटे ठरते. म्हणून तो माणूस सर्वांदेखत चालत बाहेर गेला. आपल्या भाऊबंदकीत याच्या उलट दिसते. बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेला भाऊ दुसऱ्याच्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसतो, पैसेही पुढे करतो, पण ‘झाले गेले सोडले’ हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत.

मत्तयाने छप्पर गाळले खरे. परंतु हाच प्रसंग संपवताना तो लिहितो की, माणसांना एवढा अधिकार देणाऱ्या देवाचा लोकांनी गौरव केला. तो अधिकार एकट्या येशूपुरता नसून माणसांना दिलेला आहे, असे त्या गर्दीला वाटले असेल, तर बांधाच्या दोन्ही बाजूंच्या भावांचीही त्यातून सुटका नाही.