पळीपळी तेल

रविवार, श्रावण

पुढच्या रविवारी घरोघरी आमच्या खानदेशातली देवी कानबाई बसणार, तेव्हा कुणीच मोकळं नसणार. म्हणून दुर्बिणीचा आरसा धुवायचं काम आजच उरकलं. चाळीसगावबाहेरची आमची वेधशाळा म्हणजे एक खोली, सरकतं छप्पर आणि आठ इंची डॉबसोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण. पगारी माणूस एकही नाही. दोन शिक्षक, एक मेडिकलवाले भाऊ, कॉलेजची पोरं, आणि छपराची चाकं बघायला वेल्डिंगच्या दुकानातून येणारे जिभाऊ.

आरशावर उन्हाळ्यातली धूळ, तिच्यावर पावसाळी ओल. कडेला बुरशीचे ठिपके दिसले आणि पोटात गोळाच आला. अॅल्युमिनियमचा थर जेमतेम मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. कोरडं फडकं फिरवलं की ओरखडे कायमचे. आधी नुसती पाण्याची धार. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचे दोन थेंब, त्यात भिजवलेला कापसाचा बोळा, आणि तो स्वतःच्याच वजनाने आरशावरून ओढत न्यायचा. दाब अजिबात नाही. एक ओढ झाली की बोळा टाकायचा, नवा घ्यायचा. एका पोराचं बोट जरा पुढे सरकलं तसे जिभाऊ कडाडले, "आरसाले हात नको लावू!" ठिपके निघाले. आरसा कडेवर उभा करून ठेवला, पाणी ओघळलं, आणि कौलापर्यंतचं सगळं छप्पर त्यात लख्ख दिसायला लागलं.

लोक विचारतात, ढग असताना तुम्ही तिथे जाऊन करता काय? मला वाटतं, वेधशाळा टिकते ती याच चार महिन्यांत. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तेव्हा, अंगण भरून माणसं येतात, थंडीत गुरूचे चंद्र बघायला रांग लागते. ती रांग मला प्रिय आहे. पण रुळांना ग्रीस, पेटीत ओल शोषणारं सिलिका जेल आणि छपराची गळती यांच्याकडे पावसाळ्यात कुणी बघितलं नाही, तर त्या रांगेला दाखवायला काही उरत नाही.

असं काम या मुलखाला नवं नाही. पाटण गाव इथून जवळच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ उभा केला, त्याचा शके 1128 चा शिलालेख आहे. मला त्यातलं शेवटचं मराठी सगळ्यात आवडतं. मठाला कुणी काय द्यायचं ते तिथे लिहिलंय: बाजारातल्या मालावरचं उत्पन्न, आणि घाण्यामागे पळीपळी तेल. सिद्धांतशिरोमणीसारख्या ग्रंथाचा अभ्यास चालावा म्हणून पाटणचा तेली पळीभर तेल घालत होता! तेव्हाच्या त्या तेल्याचं नाव कुणालाच माहीत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते. म्हणूनच आमच्या नोंदवहीत मी निरीक्षकाच्या नावाबरोबर ग्रीस कुणी आणलं तेही लिहितो.

यंदा त्याच वहीत तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा ताऱ्याच्या नियमित नोंदी सुरू करायच्या आहेत. साधारण 332 दिवसांत तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी होतो आणि पुन्हा मंदावतो. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, लिहायची. शिकवलं तर आठवीतली मुलगीही लिहील.

आरसा उद्या सकाळी बसवायचा. दुर्बिणीतल्या आरशांची जुळवणी मात्र तारा बघूनच, पहिली उघडीप मिळाली की. सिलिका जेल मेडिकलवाले भाऊ आणणार आहेत.