लाखो लोकांनी पाहिलं, पण नेमकं काय पाहिलं?

२१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस, म्हणजे सोंडेला लावलेल्या चमच्यातलं दूध मूर्ती पिते अशी बातमी सगळीकडे पसरली तो. आमच्या नात्यात आजही हा विषय निघाला की काका एकच प्रश्न टाकतात, "अरे, लाखो लोक खोटं बोलतील का?" आणि समोरचा गप्प बसतो.

पण खोटं बोलले असं म्हणतंय कोण? चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं, दिल्लीत झालं, मुंबईत झालं, पार लंडनच्या देवळांतही झालं. मुद्दा वेगळाच आहे. गणपती दूध पीत असेल तर चमचा रिकामा होणार, बरोबर? आता समजा तो पीतच नाहीये, तरीही चमचा सोंडेला टेकवून थोडा कलता केला की पृष्ठताणामुळे (द्रवाच्या पृष्ठभागावर असते त्या ओढीमुळे) दूध काठावरून ओढलं जातं आणि ओल्या दगडावरून पातळ थर होऊन खाली उतरतं, म्हणजे तेव्हाही चमचा रिकामाच. दोन्हीकडे सेम रिझल्ट येत असेल तर त्या रिझल्टवरून कुठली बाजू खरी हे कळणार कसं? आणि तोच प्रयोग एकाने केला काय नि लाखाने केला काय, पुराव्याचं वजन तसूभरही वाढत नाही. प्रोबॅबिलिटीतली इतकी साधी गोष्ट आपल्याला शाळेत कुणी नीट सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दिल्लीतल्या एका देवळात गेलेल्या सरकारी शास्त्रज्ञांनी काय केलं तर दुधात रंग मिसळला. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नव्हतं, रंगीत ओघळ मात्र लगेच दिसला. मला ही टेस्ट फार आवडते कारण इथे दोन शक्यतांची उत्तरं वेगळी येणार होती. दूध पोटात गेलं असतं तर ओघळ दिसलाच नसता.

"मग चमत्कार नव्हता हे तू सिद्ध कर" असं काका म्हणतात, तेही मला पटत नाही. दगड दूध पीत नाही हा आपला सगळ्यांचा रोजचा अनुभव आहे, त्याच्या विरुद्ध जो बोलतो त्यानेच पुरावा आणायचा, आणि तोही त्या अनुभवाला पुरून उरेल एवढा. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्येच हे लिहून ठेवलंय. श्रद्धेशी माझं भांडण नाही, गणपती आमच्याही घरी बसतो. पण त्या दिवशी कुणी मूर्ती कोरडी पुसून, चमचा सोंडेपासून दोन बोटं लांब धरला असता आणि तरीही दूध गेलं असतं, तर मीसुद्धा काकांच्या बाजूने बोललो असतो.