तुम्ही विचारलंत म्हणून: खेळ संपलेला क्वार्टरबॅक कोच कसा होतो?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात कॅमेरा अधूनमधून साइडलाइनकडे वळतो. कानावर हेडसेट आणि तोंडासमोर प्लेंचा, म्हणजे आखलेल्या चालींचा, मोठा रंगीत तक्ता धरलेला एक माणूस दिसतो, आणि निवेदक सांगतो की हा पूर्वी याच कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून खेळ चालवणारा खेळाडू, होता. ज्यांची मुलं अमेरिकेतल्या शाळेत हे फुटबॉल खेळू लागली आहेत, ते मराठी आईवडील मग हमखास विचारतात: एनएफएल (व्यावसायिक लीग) जमलं नाही म्हणून हा इथे आला का? की क्वार्टरबॅक होता म्हणून नोकरी आयती मिळाली?

दोन्ही नाही. क्वार्टरबॅक खेळल्यामुळे एक गोष्ट नक्की मिळते. स्वतःच्या 11 जणांचं काम त्याला पाठ असतं, आणि समोरच्या 11 जणांच्या उभं राहण्यावरून काय होणार याचा अंदाज बांधायची सवय असते. बाकी सगळं शून्यापासून शिकावं लागतं, आणि त्यातलं सगळ्यात अवघड म्हणजे शिकवणं. ज्याला स्वतःला पास सहज जमायचा, त्याला तो का जमायचा हे बऱ्याचदा सांगताच येत नाही.

दोन माणसांकडे बघा. जॉश ह्यूपल हा ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने 2000 च्या हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइजमन ट्रॉफीच्या मतदानात तो दुसरा आला. 2001 च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीत) मायामी डॉल्फिन्सने त्याला सहाव्या फेरीत घेतलं, पण एनएफएलच्या मुख्य हंगामात तो एकही सामना खेळला नाही. 2004 मध्ये तो त्याच ओक्लाहोमात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून परत आला, म्हणजे शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर. पुढच्या वर्षी अॅरिझोनाला टाइट एंड खेळाडूंचा कोच, 2006 पासून पुन्हा ओक्लाहोमात क्वार्टरबॅक कोच. 2008 ला त्याच्या हाताखालच्या सॅम ब्रॅडफर्डने हाइजमन जिंकली.

दुसरा लिंकन रायली. टेक्सास टेकमध्ये तो शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला क्वार्टरबॅक होता. त्याने मैदानावर नाव कमावलं नाही. विशीतच खेळणं सोडून तो तिथले मुख्य कोच माइक लीच यांच्या हाताखाली विद्यार्थी सहायक झाला. मग ग्रॅज्युएट असिस्टंट, रिसीव्हर (पास झेलणाऱ्यांचा) कोच, 2010 मध्ये ईस्ट कॅरोलायनाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे संघाचं आक्रमण आखणारा कोच. 2015 च्या सुरुवातीला ओक्लाहोमाने ह्यूपलला काढलं आणि त्या जागी रायलीला आणलं. त्याच वर्षी रायलीला सर्वोत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. ज्याने विजेतेपद आणून दिलं त्याची खुर्ची न खेळलेल्या मुलाकडे गेली. मला यात अन्याय दिसत नाही. या धंद्यात जुन्या पासचे गुण मिळत नाहीत एवढंच. ह्यूपलही संपला नाही. युटा स्टेट, मिझुरी असं करत 2018 ला तो सेंट्रल फ्लोरिडाचा आणि 2021 ला टेनेसीचा मुख्य कोच झाला.

आता ती खालची पायरी जरा जवळून पाहू. ग्रॅज्युएट असिस्टंटला त्याच विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला नाव घालावं लागतं. फी माफ होते, वर थोडा भत्ता मिळतो. काम मुख्यतः फिल्मचं. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या आधीच्या सामन्यांतला एकेक प्ले घ्यायचा आणि नोंदवायचं: कितवा डाउन (चारपैकी कितवा प्रयत्न), किती यार्ड हवे होते, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानाच्या मध्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणांच्या ओळींपैकी कुठल्या ओळीवर) होता, ऑफेन्सची रचना काय, डिफेन्सची काय, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांची धाव) कुठून आला. एका सामन्यात एका बाजूचे साठ-सत्तर प्ले असतात आणि चार-पाच सामने तरी असे नोंदवावे लागतात. एका रकान्यात चूक झाली की पुढचं सगळं चुकतं. तिसऱ्या डाउनला हा संघ ब्लिट्झ करत नाही असा निष्कर्ष निघतो आणि शनिवारी सामन्यात आपला क्वार्टरबॅक आडवा होतो.

दुसरं काम कार्डांचं. सरावात आपल्याच राखीव खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची असते, म्हणून प्रत्येक प्लेची रचना जाड मार्करने मोठ्या कार्डावर काढतात. रेषा जाड हवी, एका कार्डावर एकच प्ले हवा, कारण मुलगा ते दहा फुटांवरून दोन सेकंद बघणार. नवखा सहायक कार्डावर सगळं ज्ञान ओततो, आणि सराव तिथेच अडतो.

कोचिंगचा गाभा मात्र क्वार्टरबॅकच्या खोलीत आहे, म्हणजे जिथे कोच त्यांना एकत्र बसवून शिकवतो तिथे. साधं उदाहरण घेऊ: आउट रूट. रिसीव्हर दहा यार्ड सरळ धावतो आणि साइडलाइनकडे वळतो. मैदानाची रुंदी 160 फूट. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर 40 फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावी साइडलाइन 60 फुटांवर आणि उजवी 100 फुटांवर. उजवीकडचा तोच आउट हवेत जास्त वेळ राहतो, कॉर्नरबॅकला (रिसीव्हरवर पहारा ठेवणाऱ्याला) मध्ये घुसायला वेळ मिळतो, आणि त्याने मध्येच झेललेला चेंडू बरेचदा थेट टचडाउनसाठी परत जातो, कारण वाटेत अडवायला कोणी नसतं. म्हणून कोच आधी विचारतो, चेंडू कुठल्या हॅशवर आहे? उत्तर यायला वेळ लागला तर त्या मुलाला तो पास अजून द्यायचा नाही.

मग पाय. शॉटगनमधून (लाइनपासून काही यार्ड मागे उभं राहून) तीन पावलं मागे, तिसरं पाऊल टेकताच चेंडू सुटला पाहिजे. रिसीव्हर वळण्याआधी चेंडू हवेत हवा. पास उशिरा गेला की बाहेरचे लोक म्हणतात, हाताला जोर नाही. बहुतेक वेळा दोष डोळ्यांचा असतो. तो पहिल्या रिसीव्हरकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला, पाय थांबले, आणि मग त्याने नुसत्या हाताने फेकलं. पास सारखा उंच जात असेल तर पुढच्या पायाकडे बघा. पाऊल फार लांब पडलं की वजन मागे राहतं आणि चेंडू वर निघतो. पाऊल चार-सहा इंच आखूड करायला सांगितलं की बरेचदा त्याच दुपारी फरक दिसतो. ‘नीट फेक’ असं ओरडून काही होत नाही.

त्यानंतर संरक्षणाचं गणित. समोर अडवायला पाच लाइनमन आहेत, रनिंग बॅक (मागे उभा राहणारा, चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) पास झेलायला बाहेर गेला, आणि सहा जण धावून आले. एक जण मोकळा येणारच. तो कुठून येणार हे स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी ओळखायचं आणि तो पोचण्याआधी चेंडू काढायचा, याला ‘हॉट’ म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला तरुण क्वार्टरबॅक यातच सगळ्यात जास्त मार खातात. माजी क्वार्टरबॅकचा खरा उपयोग इथे होतो. त्याने हा मार खाल्लेला असतो, त्यामुळे मुलाचे डोळे खाली, धावून येणाऱ्यांकडे गेले की फिल्मवर त्याला ते सगळ्यांच्या आधी दिसतं.

हे सगळं शिकवायला वेळ किती? कॉलेज खेळांच्या नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूचे आठवड्याला 20 तास, दिवसाला जास्तीत जास्त 4, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामन्याचा दिवस 3 तास धरतात. उरले 17, त्यात वेट रूमही आलं. कोचच्या तासांना मात्र मर्यादा नाही. रविवारी, आदल्या दिवशीच्या सामन्याची फिल्म तपासायची आणि प्रत्येक प्लेला गुण द्यायचे, मग पहिल्या-दुसऱ्या डाउनचे प्ले, मग तिसऱ्याचे, मग गोलरेषेजवळचे, असा आठवडा सरतो. प्लेंचा तक्ता भरून वाहायला लागतो तेव्हा चांगला कोच खोडरबर हातात घेतो. शंभर प्ले अर्धवट येणाऱ्या क्वार्टरबॅकपेक्षा तीस पक्के येणारा शनिवारी उपयोगी पडतो.

2024 पासून कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या विभागात क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला. प्ले सुरू करायला मिळणाऱ्या 40 सेकंदांच्या घड्याळात 15 उरले की तो बंद होतो. आधी सगळं हातवारे आणि चित्रांच्या फलकांवर चालायचं. आता मोह असा होतो की ते 25 सेकंद बोलतच राहावं. तसं करू नये. प्ले सांगावा, एक आठवण द्यावी, जसं ‘सेफ्टीकडे (डिफेन्सच्या सगळ्यात मागच्या खेळाडूकडे) बघ’, आणि गप्प बसावं.

आईवडिलांना सहसा न दिसणारं अर्धं काम भरतीचं आहे. सहायक कोच शाळाशाळांतून फिरतो, प्रशिक्षकांना भेटतो, घरी जाऊन पालकांशी बोलतो. 2024 च्या उन्हाळ्यात नियम सैल झाले आणि इतर कर्मचारीही सरावात शिकवू शकतात, पण भरतीसाठी बाहेर पडायची मुभा मुख्य कोच आणि दहा सहायकांनाच राहिली. त्यामुळे ज्याला घरात बसून बोलता येतं, त्याची किंमत वाढली. खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या ट्रान्सफर पोर्टलमुळे आपल्याच खोलीतला मुलगा टिकवणं हेही आता भरतीइतकंच मोठं काम आहे.

नोकरीची शाश्वती नाही, हेही सांगायला हवं. मुख्य कोच गेला की नवा माणूस स्वतःची माणसं आणतो, मग तुमचा क्वार्टरबॅक कितीही चांगला खेळलेला असो. दोन-तीन वर्षांनी शहर बदलणं, मुलांच्या शाळा बदलणं हे धरूनच चालावं लागतं. करार करताना पगारासोबत वाचायची ओळ म्हणजे मुदतीआधी काढलं तर किती रक्कम मिळणार, आणि दुसरी नोकरी लागल्यावर ती किती कमी होणार.

तुमच्या घरात असा मुलगा असेल आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून बाकावर बसत असेल, तर त्याला आजच एक वही द्या. प्रत्येक स्नॅपला चार गोष्टी लिहायच्या: डाउन आणि अंतर, हॅश, मागे किती सेफ्टी, आणि चेंडू कुणाकडे जायला हवा होता. शेवटचा रकाना चेंडू सुटण्याआधी भरायचा. सुरुवातीला निम्मे चुकतील. उन्हाळ्यात लहान मुलांच्या शिबिरात शिकवायला जाऊ द्या, आणि तिथे दहा वर्षांच्या पोराला हॉट पास हातवारे न करता, नुसत्या शब्दांत समजावता येतो का ते त्यालाच बघू द्या.